घडाघडा वाचन : माध्यमिक शाळेतील इंग्रजीचा मागोवा

लेखक : एक माध्यमिक शिक्षक (बी.ए., बी.एड.), मीरा-भाईंदर

संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणीस साहेबांचा निरोप आला तेव्हा प्रस्तुत लेखकाने प्रथम नकारच दिला होता. परंतु त्याच आठवड्यात वर्गात एक प्रसंग घडला आणि लेखणी हाती घ्यावी लागली.

नववीच्या वर्गात एका मुलाला उभे करून इंग्रजीचा एक परिच्छेद वाचावयास सांगितला. मुलगा हुशार, आवाज खणखणीत. कोठेही न अडखळता त्याने दहा-बारा ओळी वाचल्या. सगळा वर्ग कौतुकाने पाहत होता. मी म्हटले, "शाबास! आता सांग बघू, यात त्या माणसाने शेवटी काय केले?" मुलगा गप्प. पुन्हा विचारले, तेव्हा तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, तुम्ही वाचायला सांगितलं होतं ना?"

वर्ग हसला, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू येईना. त्या मुलाचे काही चुकले नव्हते. आपल्याकडे इंग्रजी वाचन म्हणजे काय, याचा जो अर्थ कित्येक पिढ्या चालत आला आहे तोच त्याने सांगितला होता. हा अर्थ कोठून आला आणि तो बदलण्यासाठी कोणी काय केले, याचा थोडा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षणाची व्यवस्थित सुरुवात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना झाली. 1822 साली शाळा व शाळापुस्तके यांच्यासाठी मुंबईत एक सोसायटी निघाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. इंग्रजी शिकवावयाचे तर पुस्तके हवीत, कोश हवेत, आणि येथे काहीच नव्हते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली बाहेर पडला आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली. म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत पाहण्याची चांगली सोय होईपर्यंत पंचवीस वर्षे गेली. तोपर्यंत मास्तर सांगतील तो अर्थ आणि विद्यार्थी पाठ करील ते शब्द, असाच प्रकार चालू होता.

या काळातील एक गोष्ट मात्र मनात भरते. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 च्या जानेवारीत 'दर्पण' सुरू केले ते दोन भाषांत. एकाच पानावर एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. पत्रकारितेच्या इतिहासात 'दर्पण'चे नाव नेहमी घेतले जाते, परंतु माझ्यासारख्या शिक्षकाला त्या दोन स्तंभांत वाचनाचा वर्ग दिसतो. ज्याला इंग्रजी येऊ लागले आहे त्याने डावीकडून उजवीकडे नजर टाकावी, अडले की शेजारी पाहावे, पुन्हा परत यावे. मास्तर नाही, छडी नाही आणि पाठांतरही नाही. शिवाय वाचावयाचा मजकूर ताज्या बातम्यांचा, म्हणजे वाचण्याची इच्छा व्हावी असा. आजही वर्गात इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रांतील एकच बातमी शेजारी शेजारी ठेवली की मुले जितकी गुंग होतात तितकी क्रमिक पुस्तकात होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पुढे 1840 साली मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. या बोर्डात तीन एतद्देशीय सभासद होते : नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. पहिल्या नावाचा रस्ता मुंबईत आहे, पुतळा आहे. तिसरे नाव आपल्याच समाजातील किती जणांना ठाऊक आहे? मकबा हे कोकणी मुसलमान, विद्वान गृहस्थ. त्यांच्या बोर्डात 1847-48 च्या सुमारास मोठा वाद झाला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे की, वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे उलट होते : ज्ञान मातृभाषेतून द्यावे. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. हिंदू, पारशी आणि मुसलमान असे तीन समाजांचे पुढारी एकमताने म्हणत होते की, मुलाला जी भाषा कळते तिच्यातून त्याला शिकवा.

ते इंग्रजीचे शत्रू होते काय? मुळीच नाही. इंग्रजी शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता. कळत नसलेल्या भाषेत इतिहास, गणित, विज्ञान घोकावयास लावण्याला विरोध होता. वादाचा स्वच्छ निकाल लागला नाही. पुढे 1854 च्या वुड साहेबांच्या खलित्याने दोन्ही भाषांना जागा दिली, खाली देशी भाषा आणि वर इंग्रजी. प्रत्यक्षात मात्र 1857 साली विद्यापीठ निघाले, 1859 पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि परीक्षेचे दार ज्या भाषेत उघडते ती भाषा शाळेची धनीण झाली. दारापाशी पोहोचण्यासाठी जे लागेल तेवढे पाठ करावे, ही रीत तेथून पक्की झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. 1862 साली झाले. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक ही त्यांची नावे सर्वश्रुत आहेत. त्या यादीत मुसलमान नाव नाही.

येथे जोतीराव फुल्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांचे शिक्षण मध्येच सुटले होते. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुन्शी, जे स्वतः उर्दू-फारसीचे शिक्षक, आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. तेथे ते इंग्रजी शिकले आणि पुढे टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी वाचले. मी विद्यार्थ्यांना ही हकीकत दर वर्षी सांगतो. सांगताना एका गोष्टीवर जोर देतो : जोतीरावांनी ते पुस्तक घडाघडा म्हणून दाखविले असते तर काहीच घडले नसते. त्यांना ते कळले.

आता आपल्या समाजाकडे वळू. 1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली, आणि 1880 साली तिची शाळा सुरू झाली. तय्यबजी हे 1867 साली बॅरिस्टर होऊन आलेले, इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेले. परंतु आपल्या मुलांची अडचण त्यांना पुरती ठाऊक होती. 1882 साली हंटर आयोग आला, तेव्हा त्यांनी मुसलमानांच्या शिक्षणाविषयी आयोगापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी फुल्यांनीही त्याच आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणास विशेष उत्तेजन देण्याची शिफारस केली.

अडचण होती तरी काय? कोकणपट्टीतील, म्हणजे ठाणे, कुलाबा, रत्नागिरीकडील मुसलमान मुलाचे उदाहरण घ्या. घरी तो कोकणी बोली बोलतो. बाजारात आणि कचेरीत मराठी. शाळा बहुधा उर्दू. सकाळी मक्तबात अरबी अक्षरओळख. आणि या चारांनंतर पाचवी इंग्रजी. इतक्या भाषा एका लहान जिवाच्या पाठीवर! हे ओझे आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ती श्रीमंतीही वाटते, पण तिचा उपयोग करून घेणारा शिक्षक हवा.

एक गोष्ट भीतभीत लिहितो. धर्मग्रंथाचे शुद्ध उच्चारात पठण ही आपल्याकडे फार जुनी आणि आदराची विद्या आहे. वेदपठण करणाऱ्या घरांतही तीच आहे. तिचे स्थान वेगळे, तिचा हेतू वेगळा. परंतु इंग्रजी जेव्हा आपल्या गावांत आली तेव्हा शिक्षकाला आणि मुलाला वाचनाचा हाच एक नमुना परिचित होता : अक्षर पाहा, उच्चार शुद्ध करा, आवाज चढवा, पाठ करा. त्याच साच्यात इंग्रजी ओतली गेली. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा सूर ज्यांनी शाळेबाहेरून जाताना ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते पटेल.

साहेबाच्या पद्धतीने म्हणा किंवा आपल्या, शब्दार्थ घोकण्यावर पहिला मोठा उतारा मराठी मुलांना मिळाला तो तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या रूपाने. भाषांतर पद्धतीची आज थट्टा होते. बी.एड.च्या वर्गात आम्हालाही ती जुनाट म्हणूनच शिकविली गेली. पण माझे मत निराळे आहे. तर्खडकर वाचणाऱ्या मुलाला निदान वाक्य समजून घ्यावेच लागत होते, कारण न समजता भाषांतर करता येत नाही. उर्दू वाचकांसाठी असेच मोठे काम बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राहून केले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूतर्फे 1937 साली निघालेला त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश आजही प्रमाण मानला जातो. महाराष्ट्राच्या भूमीत तयार झालेला हा ग्रंथ आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असावयास हवा.

आता ज्या माणसाविषयी लिहिण्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला, त्याच्याकडे येतो. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगालमधील शाळा त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि 1926 साली द्विभाषिकत्वावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातील एक शब्द वापरला : सरेंडर व्हॅल्यू. विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तर हाती जी रक्कम येते ती. वेस्ट यांनी विचारले, शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीची सरेंडर व्हॅल्यू किती? बहुतेक मुले वरच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाहीत. चार वर्षे व्याकरण घोकून, थोडे म्हणावयास शिकून ज्याने शाळा सोडली, त्याच्यापाशी दोन वर्षांनी काय उरते? काही नाही. पण त्याच चार वर्षांत जो समजून वाचावयास शिकला, त्याचे वाचन त्याच्याजवळ राहते आणि तो ते स्वतःहून वाढवूही शकतो.

म्हणून, वेस्ट म्हणाले, बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याआधी वाचता आली पाहिजे, आणि वाचन म्हणजे मनातल्या मनात, अर्थासाठी केलेले वाचन. तत्कालीन क्रमिक पुस्तके तपासल्यावर त्यांना दिसले की, नवे शब्द एकामागून एक अंगावर येतात आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटतच नाही. मग त्यांनी स्वतःची पुस्तके तयार केली. त्यांत क्वचित लागणारे शब्द काढून नेहमीचे घातले, नवे शब्द थोडे थोडे पेरले आणि प्रत्येक शब्द पुनःपुन्हा भेटेल अशी व्यवस्था केली. 1935 साली त्यांनी असा एक कोश काढला की, त्यातील हजारो शब्दांचे अर्थ अवघ्या 1490 सोप्या शब्दांत सांगितलेले होते. पुढे 1953 साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तककारांनी ती वापरली. ढाक्याच्या शाळांत सुचलेल्या विचाराचा हा विस्तार आहे.

वेस्ट यांच्यावर टीकाही झाली. बोलण्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मीरा रोडच्या मुलाला आज नोकरीसाठी मुलाखत द्यावी लागते, तेथे नुसते वाचन पुरत नाही. तरीही सरेंडर व्हॅल्यूचा प्रश्न मला सोडत नाही, आणि त्याचे कारण घरगुती आहे.

माझे वडील जुन्या अकरावीचे एसएससी. ती अकरावी 1975 साली संपली आणि दहावी अधिक दोन हा आकृतिबंध आला. अब्बांचे इंग्रजी वाचन शेजारीपाजारी प्रसिद्ध होते. कोणाचेही पत्र आले की लोक त्यांच्याकडे येत. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही इकडे घर घ्यावयाचे ठरविले तेव्हा एका इमारतवाल्याच्या कचेरीत त्यांनी इसाऱ्याची रक्कम भरली आणि एका इंग्रजी कागदावर सही केली. सही करण्यापूर्वी त्यांनी तो कागद सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला होता, एकही उच्चार चुकला नाही. पुढे व्यवहार फिसकटला. पैसे परत मागावयास गेलो तेव्हा त्या माणसाने कागदातील एका शब्दावर बोट ठेवले : 'नॉन-रिफंडेबल'. अब्बांनी तो शब्दही वाचला होता. घरी परत येताना ते एवढेच म्हणाले, "बेटा, मी वाचला होता रे तो." आईच्या दोन बांगड्या त्या रकमेत गेल्या होत्या.

असो. इतिहासाकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत इंग्रजी पाचवीऐवजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. मातृभाषेला मान मिळाला हे योग्यच, पण इंग्रजीची वर्षे एकदम निम्म्यावर आली आणि वाचनाचा पाया कच्चा राहिला. 1954 साली राज्य सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या संस्थेचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ती मनाई रद्द झाली. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण त्यानंतर मुलांचे दोन रस्ते कायमचे वेगळे झाले : ज्यांना परवडते ते इंग्रजी माध्यमात, आणि बाकीच्यांना इंग्रजीची थोडी चव.

1964-66 च्या कोठारी आयोगाने इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हटले, म्हणजे ज्ञान वाचून मिळविण्याची भाषा. वेस्ट यांचा विचार नव्या रूपात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ग्रंथालयाची भाषा शिकवावयाची तर शाळेला ग्रंथालय हवे! महाराष्ट्रात इंग्रजी पुन्हा पाचवीपासून झाली, आणि जून 2000 पासून पहिलीपासून. प्रस्तुत लेखक पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविणाऱ्या शेवटच्या काही तुकड्यांतला. आमच्या नंतरच्या मुलांना चार वर्षे अधिक मिळाली, याचा हेवा वाटला होता. शिक्षक झाल्यावर दिसले की वर्षे वाढली, घडाघडा वाचन मात्र तसेच आहे. परीक्षेत आता न शिकविलेला उतारा येतो, कृतिपत्रिका आली, तरी मुले बाजारातील मार्गदर्शिकेतून उत्तरे पाठ करतात, कारण उताऱ्यातील वाक्य प्रश्नातील शब्द शोधून जसेच्या तसे उतरविले तरी गुण मिळतात. अशी 'मासेमारी' करणारी मुले मी रोज पाहतो. आमचे भाईंदर मुळात मीठागरांचे आणि कोळ्यांचे गाव, त्यामुळे ही उपमा मुलांना लगेच कळते आणि ती लाजतातही.

आमच्या वर्गात गेली काही वर्षे जो प्रयोग चालू आहे तो येथे थोडक्यात नोंदवितो. नववी-दहावीच्या तासातील पहिली पंधरा मिनिटे कोणी मोठ्याने वाचावयाचे नाही. मनात वाचावयाचे, पुस्तक मिटावयाचे आणि काय वाचले ते मराठी, उर्दू, हिंदी, ज्या भाषेत येईल त्या भाषेत सांगावयाचे. काही पालकांनी तक्रार केली की, इंग्रजीच्या तासाला सर उर्दू बोलू देतात. त्यांना मी मकबांचे नाव सांगितले. ते किती पटले कोण जाणे, पण तक्रार थांबली.

शब्द अडला की कोश लगेच उघडावयाचा नाही. आधी मागचे-पुढचे वाक्य पाहून अंदाज करावयाचा, तो शब्दवहीत पेन्सिलीने लिहावयाचा, मग कोश. अंदाज बरोबर निघाला तर त्यावर शाईने गिरवावयाचे. शब्द एकेकटा न घेता कुटुंबासकट घ्यावयाचा : 'ॲक्ट' आला की 'ॲक्टर', 'ॲक्शन', 'ॲक्टिव्ह' ही भावंडे. आणि आपल्या बहुभाषी मुलांची श्रीमंती येथे उपयोगी पडते. 'अल्जिब्रा' हा अरबी 'अल्-जब्र'मधून आला, 'मॅगझिन' हा कोठारे या अर्थाच्या 'मखाझिन'मधून, आणि 'लूट' तर आपल्या देशातूनच इंग्रजांनी लुटून नेला, असे सांगितले की वर्गात एकदम चैतन्य येते. मागच्या बाकावरची मुले, जी कधी बोट वर करीत नाहीत, ती स्वतःहून शब्द शोधून आणतात.

वाचावयास क्रमिक पुस्तकाबरोबर आणखी एक गठ्ठा ठेवतो : औषधाच्या खोक्यातील घडी घातलेला कागद, वीजबिलाची मागची बाजू, बँकेचा अर्ज, रेल्वेच्या पासावरील अटी, भाडेकराराचा कोरा नमुना. अक्षर बारीक आणि भाषा रुक्ष. साहित्य म्हणून यात काही नाही, हे मला मान्य आहे. मुख्याध्यापकांनीही एकदा विचारले की, हा रद्दीचा व्यापार कशासाठी? पण दहावीनंतर माझ्या वर्गातली कित्येक मुले दुकानात, गॅरेजमध्ये, शिवणकामाच्या कारखान्यात जातील, मुलींची लग्ने होतील. वेस्ट यांच्या भाषेत सांगावयाचे तर पॉलिसी मध्येच सुटेल. तेव्हा हाती काय राहावे, याचा विचार करून हा गठ्ठा जमविला आहे.

खाडीपलीकडच्या नालासोपाऱ्यात 1920 साली जन्मलेले डॉ. रफीक झकेरिया पुढे इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे विद्वान झाले, राज्याचे मंत्री झाले आणि औरंगाबादेत त्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या. हे उदाहरण मी मुलांना सांगतो, पण फार वेळा सांगत नाही. सगळ्यांनी झकेरिया व्हावे अशी अपेक्षा नाही.

गेल्या महिन्यात गठ्ठ्यातील भाडेकराराचा नमुना दहावीच्या एका मुलीला दिला होता. ती नेहमीची शांत, वाचताना अडखळणारी. तिने पंधरा मिनिटांच्या जागी पूर्ण तास घेतला. शब्दवहीत सतरा शब्द पेन्सिलीने लिहिले, त्यांतील अकरा शाईने गिरविले. मग कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, यात लिहिलंय की घर सोडताना एक महिना आधी सांगितलं नाही तर डिपॉझिट कापणार. पण किती कापणार ते लिहिलेलंच नाही. असं चालतं का?"

मी तो कागद पुन्हा वाचला. तिचे बरोबर होते. इतकी वर्षे तो गठ्ठ्यात होता आणि माझ्या ते लक्षात आले नव्हते.